रविवारचा रस्सा मांसाशिवाय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. कोणी माळ घातली आहे, कोणाला डॉक्टरांनी मटण बंद करायला सांगितले आहे, तर कोणाची मुले पुण्या-नागपुरात शिकायला जाऊन व्हीगन झाली आहेत, म्हणजे मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप आणि मधही त्यांनी सोडला आहे. कारणे वेगळी असली तरी स्वयंपाक करणाऱ्यापुढची अडचण सारखीच आहे : ताटात असे काय वाढावे, की जेवणारा नाइलाजाने नव्हे तर आवडीने जेवेल. शहरांतली दुकाने आणि महागडी पाकिटे खेड्यात उपलब्ध नसतात, हे गृहीत धरूनच पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सासऱ्यांनी आषाढी एकादशीला माळ घातली, तेव्हापासून आमच्या घरात मटण शिजत नाही. मुलांना मात्र रविवारी रश्श्याची आठवण होते. मी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करून पाहिला, पण वड्यांना उग्र वास येतो, त्या आतून फिक्या राहतात आणि रबरासारख्या लागतात. काय करावे? (एक गृहिणी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, तुमचा मसाला बरोबर असावा, वडीची पूर्वतयारी अपुरी राहते आहे, असे पत्रावरून दिसते. सोयावडी ही तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनते. ते पीठ ओलसर करून उष्णता आणि दाब यांखाली यंत्राच्या लहान तोंडातून ढकलले जाते, तेव्हा त्यातील प्रथिने एका दिशेने ताणली जाऊन धाग्यांसारखी रचना तयार होते आणि बाहेर पडताच वाफ सुटून वडी फुगते. तिला मांसासारखा चावा येतो तो या धाग्यांमुळे. चव म्हणाल तर तिला स्वतःची अशी फारशी नसते. जो वास असतो तो सोयाबीनचा, आणि तो पाण्यावाटेच काढावा लागतो.

चार माणसांसाठी 100 ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात, कारण भिजल्यावर त्या अडीच-तीन पट होतात. मोठ्या आकाराच्या वड्या घ्याव्यात. भरपूर पाण्यात मीठ घालून, पाणी उकळल्यावर त्या सोडाव्यात आणि सहा-सात मिनिटे उकळू द्याव्यात. ते पाणी ओतून टाकावे, त्यात भाजी करू नये. नंतर वड्या थंड पाण्यात घालून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पिळाव्यात. पहिल्यांदा निघणारे पाणी फेसाळ आणि पिवळसर असते, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला ते जवळजवळ स्वच्छ निघते आणि वासही गेलेला असतो. शेवटचे पिळणे अगदी जोर लावून करावे, कारण वडीत जेवढे पाणी राहील तेवढी जागा मसाल्याला कमी पडते. अशा कोरड्या झालेल्या वड्यांना आले, लसूण आणि सांबार (कोथिंबीर) यांचे वाटण, हळद, तिखट, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून अर्धा तास ठेवावे. त्यानंतर लोखंडी कढईत थोडे जास्त तेल घेऊन, मोठ्या आचेवर, कडा तांबूस होईपर्यंत त्या परताव्यात. वडी रबरासारखी लागण्याचे मुख्य कारण हे परतणे टाळून तिला सरळ रश्श्यात सोडणे, हेच असते.

आता रश्श्याविषयी, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. मटणाच्या रश्श्याची चव आपण मटणाची समजतो. परंतु त्या चवीचा मोठा वाटा भाजलेल्या कांद्याचा, करपू न देता काळसर केलेल्या सुक्या खोबऱ्याचा, खड्या मसाल्याचा आणि वर आलेल्या तर्रीचा असतो. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून आलेल्या सावजी रश्श्याने हे सर्वांना दाखवून दिले आहे. त्याच मसाल्यात केलेली पातोडी किंवा फणसाची भाजी खाताना मटणाची उणीव फारशी भासत नाही. तेव्हा कांदे सालीसकट चुलीच्या आरात भाजावेत, खोबऱ्याची वाटी जाळावर धरून भाजावी, धणे, खसखस, तीळ, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल हे वेगवेगळे, मंद आचेवर भाजावे आणि सारे एकत्र बारीक वाटावे. मांसातून रश्श्यात जो दाटपणा आणि जी खोल चव उतरते ती येथे आपोआप येणार नाही, म्हणून दाटपणासाठी चमचाभर भाजलेले ज्वारीचे पीठ आणि चवीसाठी एक-दोन चांगले पिकलेले टमाटे घालून वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. टमाट्यात आणि अळिंबीत अशी द्रव्ये नैसर्गिकरीत्या असतात, ज्यांची चव मांसाच्या चवीच्या जवळ जाते. वड्या शेवटच्या पंधरा मिनिटांत रश्श्यात घालाव्यात आणि भाजी उतरवल्यावर किमान तासभर झाकून ठेवावी. रविवारी दुपारी बाराला जेवायचे असेल तर रस्सा अकरापर्यंत तयार हवा.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात शिकतो आणि वर्षभरापासून व्हीगन झाला आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याने दूध, दही, तूप काहीच घेतले नाही. आमच्याकडे म्हशी आहेत, सगळा स्वयंपाक दुधातुपाचा. त्याला काय करून घालू, हेच मला समजेनासे झाले. (एक आई, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमची काळजी पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते, पण आपल्याकडचा जुना स्वयंपाक आठवून पाहिला तर निम्म्याहून अधिक पदार्थ तुमच्या मुलाला जसेच्या तसे चालतील. कोरडवाहू शेतीच्या या भागात दुधापेक्षा डाळ आणि तेल यांवरच स्वयंपाक उभा राहिला. झुणका आणि ज्वारीची भाकर, कण्या आणि डाळ घालून केलेली अंबाडीची भाजी, हिवाळ्यातले वांग्याचे भरीत, डाळभाजी, मेथीचे मुटके, सांबारवडी, यांपैकी एकातही दूध नाही. गोळाभात घ्या : हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात शिजवून वरून लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतली की पोटभरीचे आणि प्रथिनयुक्त जेवण तयार होते. वडाभाताचेही तसेच.

मांसाची जागा घेणारे दोन पदार्थ तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहिला पातोडी रस्सा. एक वाटी बेसनाला सुमारे दोन वाट्या पाणी, त्यात आधी फोडणीत लसूण, मिरची, जिरे, ओवा आणि हळद. पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने जोराने घोटायचे, झाकण ठेवून वाफ आणायची आणि तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचे. वरून खोबरे, खसखस आणि सांबार पेरून वड्या कापायच्या. वड्या रश्श्यात शिजवत बसू नये. वाढायच्या वेळी ताटात ठेवून वर उकळता रस्सा ओतला की त्या घट्ट राहतात आणि आतपर्यंत मुरतात. दुसरा पदार्थ म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मुंगवड्या. तेलात लालसर तळून, जाडसर कुटून किंवा अख्ख्याच रश्श्यात सोडल्या तर त्यांचा चावा सोयावडीपेक्षा खमंग लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सोयावडी गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून माळकरी घरांत रविवारची भाजी या वड्यांचीच होत आली आहे.

दूध-तूप कुठे नकळत येते, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे. रोडग्यावर आणि पुरणपोळीवर तूप ओतण्याऐवजी शेंगदाण्याचे तेल किंवा ताजे जवसाचे तेल द्यावे; जवसाचे तेल कच्चेच वरून घ्यावे आणि थोडेथोडेच आणावे, कारण ते लवकर खवट होते. बाजारच्या बिस्किटांत दुधाची भुकटी बहुधा असते. कढीसाठी शेंगदाण्याचे दही घरी लागते. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटावेत, गाळून ते दूध उकळावे आणि कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ टाकून उबेला ठेवावे. आठ-दहा तासांत ते विरजते. पहिले दही थोडे पातळ लागते, पण त्याचेच विरजण पुढे लावत गेले की घट्ट होत जाते. चहाचे म्हणाल तर गवती चहा आणि आले घातलेला कोरा चहा सर्वांत सोपा. सोयाबीनच्या दुधाचा करायचा असेल तर ते दूध आधी गरम करून त्यात चहा ओतावा. उकळत्या चहात थंड दूध घातले की ते फाटते.

आणि एक विनंती. मुलाने तूप नाकारले म्हणजे आईचे नाकारले, असे मनात आणू नका.

प्रश्न : आमच्या घरी दरवर्षी सोयाबीन पिकते आणि सगळे बाजारात जाते. सोयाबीनपासून पनीर घरी करता येते का? पेरणीतून उरलेले बियाणे त्यासाठी वापरले तर चालेल का? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक आणि कधी कीटकनाशकही लावलेले असते. गुलाबी, लाल, निळा असा रंग त्यासाठीच दिलेला असतो. असे बियाणे धुऊन, भिजवून किंवा शिजवून खाण्यायोग्य होत नाही. ते माणसाने खाऊ नये, गुराढोरांना घालू नये आणि धान्याच्या कोठीजवळही ठेवू नये. घरी राखलेल्या बियाण्याला तुम्ही स्वतः औषध चोळले असेल तरी हेच लागू आहे. त्याचप्रमाणे तेलगिरणीतून येणारी सोयाबीनची ढेप ही जनावरांसाठी असते. खाण्याचे तेलविरहित पीठ स्वच्छतेचे वेगळे निकष पाळून तयार होते, त्यामुळे ढेपेच्या वड्या घालण्याचा प्रयोग करू नये.

खळ्यावरचे, औषध न लावलेले, बुरशी नसलेले सोयाबीन निवडून घेतले तर पनीर उत्तम होते. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते. इतके प्रथिन आपल्या कोणत्याही डाळीत नाही. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात आणि ती पुरेशा उष्णतेनेच निकामी होतात, म्हणून सोयाबीनचा कोणताही पदार्थ अर्धाकच्चा ठेवू नये.

पाव किलो सोयाबीन आठ-दहा तास भिजवावे, चोळून जमेल तेवढी साले काढावीत आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावे. मग वाटताना पाणीही गरमच घ्यावे. हा मुद्दा बारीक वाटला तरी सगळे यश त्यावर आहे : दाणा थंड पाण्यात फुटला की त्यातील एक विकर (एन्झाइम) तेलावर क्रिया करते आणि लोकांना नकोसा वाटणारा तो कच्चट वास तयार होतो, गरम पाण्यात ते विकर काम करू शकत नाही. एकूण दोन लिटरच्या आसपास पाणी वापरून वाटण पातळ करावे, स्वच्छ मलमलीतून पिळून गाळावे आणि निघालेले दूध मोठ्या गंजात, तळापासून ढवळत, दहा-पंधरा मिनिटे उकळावे. ते दुधापेक्षाही जोराने उतू जाते, म्हणून गंज अर्धाच भरलेला असावा. आच बंद करून तीन-चार मिनिटे थांबावे, तीन लिंबांचा रस कपभर कोमट पाण्यात मिसळून तो तीन वेळा करून हलक्या हाताने घालावा आणि मग अजिबात न ढवळता झाकून ठेवावे. दहा मिनिटांनी पिवळसर पाणी आणि पांढरे गठ्ठे वेगळे झालेले दिसतात. ते कापडात ओतून, बांधून, वर वजन ठेवले की अर्ध्या तासात वडी कापता येते. पाव किलोत साधारण 300 ते 400 ग्रॅम पनीर निघते. ते पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी.

हे पनीर दुधाच्या पनीरसारखे गोडसर लागत नाही आणि तसे ते लागावे अशी अपेक्षाही ठेवू नये. त्याचे पाणी चांगले दाबून काढले, तुकडे मीठ-हळद-तिखट लावून तव्यावर सर्व बाजूंनी खरपूस केले आणि मगच पालकात किंवा रश्श्यात घातले, तर ते घरच्यांना आवडते. हाताने चुरून कांदा-टमाट्यावर परतले तर अंड्याच्या भुर्जीची जागा घेते. गाळून उरलेला चोथा फेकू नये. ज्वारीचे पीठ, कांदा, ओवा आणि सांबार घालून त्याची थालीपिठे करावीत, पण उन्हाळ्यात तो काही तासांतच आंबतो, तेव्हा लगेच वापरावा आणि नीट भाजावा. घरात कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर सोयाचे पदार्थ त्या गोळीपासून काही तास दूर ठेवावेत आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सात्या (रानातील अळिंबी) निघतात, वास्ते (बांबूचे कोंब) मिळतात आणि लाखोळीची डाळ (लाख डाळ) तर घरचीच असते. मांसाऐवजी यांचा उपयोग करता येईल का? फणसाचेही ऐकले आहे. (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : चवीच्या दृष्टीने तुमचा भाग विदर्भात सर्वांत भाग्यवान म्हणावा लागेल. वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्यांची भाजी मांसाच्या इतकी जवळ जाते, की तिला वेगळा पर्याय शोधण्याची गरजच नाही. परंतु रानातील अळिंबी ज्यांनी लहानपणापासून घरच्या जाणत्या माणसांबरोबर गोळा केली आहे, त्यांनीच आणावी. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर विषारी, नाही तर खाण्याजोगी, ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे आणि तिने माणसे दगावतात. ओळख पक्की नसेल तर धिंगरी अळिंबी घरी लावावी. ती धानाच्या तणसावर किंवा सोयाबीनच्या कुटारावर, 20 ते 30 अंश तापमानात चांगली येते आणि बी भरल्यापासून तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. आपल्याकडे पावसाळ्याचा शेवट आणि हिवाळा त्यासाठी योग्य. अनेक कृषी विज्ञान केंद्रे याचे प्रशिक्षण देतात. धिंगरी चाकूने न कापता हाताने उभी फाडावी आणि मोठ्या आचेवर तिचे पाणी आटेपर्यंत परतावी, म्हणजे तिचे धागे कोंबडीच्या मांसासारखे सुटतात.

वास्ते चिरून पाण्यात ठेवावेत, उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि मगच फोडणीला घालावेत. बांबूच्या कच्च्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते आणि आपल्या आजी-पणज्यांनी घालून दिलेली ही रीत त्यावरचा नेमका उपाय आहे. फणस कोवळा घ्यावा, हाताला आणि विळीला तेल लावून चिरावा, मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धवट शिजवून तळावा आणि सावजी मसाल्यात घालावा. या तिन्ही भाज्यांत प्रथिने मात्र फार थोडी असतात, म्हणून सोबत हरभरा, वाल किंवा वरण हवेच.

राहिली लाखोळी. धानाच्या बांधीत कमी ओलीवर येणारी ही डाळ चवीला चांगली आणि प्रथिनांनी समृद्ध आहे. पण तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली गेली तर तिच्यातील एका द्रव्यामुळे पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो, आणि दुष्काळाच्या काळात असे घडलेले आहे. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्याने हे द्रव्य बरेच कमी होते. कधीमधी वडे करायला हरकत नाही. रोजच्या वरणाला तूर, मूग आणि हरभरा ठेवावा.

प्रश्न : मैद्यापासून मांसासारखा पदार्थ तयार होतो, हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : खरे आहे आणि त्याची अर्धी कृती तुमच्या घरात दर उन्हाळ्यात होते. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना आपण पांढरे सत्त्व ठेवतो आणि बाकीचे बाजूला काढतो. येथे उलट करायचे. मैद्याची किंवा बारीक कणकेची घट्ट गोळी मळून तासभर पाण्यात बुडवून ठेवावी, मग पाण्यातच हलके मळत, पाणी बदलत राहावे. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात करड्या रंगाचा चिवट गोळा उरतो. ते गव्हाचे प्रथिन. त्याला आले-लसूण-मसाला लावून, घट्ट गुंडाळून अर्धा-पाऊण तास वाफवावे, गार झाल्यावर तुकडे करून तळावे आणि रश्श्यात घालावे. तोंडात ते चक्क मटणाच्या तुकड्यासारखे लागते. पांढरे पाणी रस्सा दाट करण्यासाठी उपयोगी पडते. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी हा पदार्थ कटाक्षाने टाळावा.

प्रश्न : तालुक्याच्या दुकानात वनस्पतीपासून केलेल्या मांसाची पाकिटे आली आहेत. हिरवा ठिपका असला म्हणजे ती व्हीगन समजावीत का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहार दाखवतो आणि शाकाहारात दूध, तूप, मध हे सर्व येते. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये स्वतंत्र नियम केले असून, त्यांचे चिन्ह म्हणजे कोवळे पान फुटलेले हिरवे इंग्रजी व्ही अक्षर आहे. ते दिसले नाही तर घटकांची यादी वाचावी. दुधाची भुकटी आणि केसीन (दुधातील प्रथिन) हे दोन शब्द विशेष पाहावेत. गाड्यांवर मिळणारी सोया चाप दही किंवा साय लावून भाजलेली असते, हेही विचारून घ्यावे. ही पाकिटे गोठवलेली असतात. ज्या गावात दिवसातून अनेकदा वीज जाते तिथे ती एकदा वितळून पुन्हा गोठलेली असण्याचा संभव असतो, म्हणून मी ती घेण्याचा आग्रह धरणार नाही. त्यांत मीठही बऱ्याचदा जास्त असते.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. तिने मांसाबरोबर दूधही सोडले. तिच्या अंगात रक्त कमी आहे, असे आरोग्य केंद्रात सांगितले. नुसत्या भाजी-भाकरीवर तिचे भागेल का? (एक आई, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : नुसत्या भाजी-भाकरीवर भागणार नाही, विचारपूर्वक वाढलेल्या ताटावर निश्चित भागेल, पण एका गोष्टीसाठी गोळी घ्यावीच लागेल. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 45 किलो वजनाच्या मुलीला सुमारे 37 ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण, 30 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी आणि मूठभर शेंगदाणे इतक्यात ती भरतात. ज्वारीत जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत भरपूर असतात, त्यामुळे दोन्ही रोजच्या आहारात असावेत. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या, तीळ, अळीव आणि कडधान्ये द्यावीत, ताटात लिंबाची फोड नेहमी असावी आणि जेवणाला लागून चहा देऊ नये, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. दुधातून मिळणाऱ्या कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला आहे. नाचणी आपल्याकडे कमी खातात, पण आठवड्यातून तीन-चारदा तिची भाकर किंवा आंबील करावी.

जीवनसत्त्व ब-12 मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून किंवा शेवाळाच्या भुकटीतून ते मिळते, असे सांगितले जाते. त्यावर विसंबू नये. यकृतात त्याचा साठा असल्याने कमतरता कधीकधी काही वर्षांनी उघड होते आणि तोपर्यंत हातापायांना मुंग्या येणे, थकवा, जीभ लाल होऊन दुखणे अशी लक्षणे दिसू लागतात. उपचार लांबला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला ज्यांनी आश्रम उभा केला त्या महात्मा गांधींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते, परंतु पुढे भारतात गंभीर आजारात त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय ते शोधत राहिले. ब-12 वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते 1948 मध्ये. गांधीजींना जे उपलब्ध नव्हते ते आज साध्या गोळीच्या रूपात तालुक्याच्या औषध दुकानात मिळते. मुलीची ब-12 आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पुढे लग्न होऊन ती गरोदर राहिली तर ही गोळी एक दिवसही चुकता कामा नये.

प्रश्न : बहिणीच्या लग्नात व्हीगन पंगत द्यावी, असा माझा आग्रह आहे. गावातले लोक नावे ठेवणार नाहीत असे काय ठेवावे? (एक तरुण, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : सोयावडी ठेवू नका. मोठ्या पंगतीत तिला पिळून परतणे आचाऱ्याकडून नीट होत नाही आणि लोक पहिल्या घासालाच ओळखतात. पातोडी रस्सा, भरली वांगी किंवा डाळभाजी, वडाभात, पोळी, तिळाची किंवा जवसाची चटणी आणि मठ्ठ्याच्या जागी थंड पन्हे ठेवा. गोडाला तुपाऐवजी तेलावर केलेली गूळ-शेंगदाण्याची पोळी किंवा नारळाच्या दुधातली शेवयांची खीर चालेल. तूप कोणत्याही पदार्थात घालायचे नाही, हे आचाऱ्याला आदल्या दिवशी समोर उभे राहून सांगा, आणि रश्श्याचे वाटण शक्य असेल तर घरच्या बायांकडून पाट्यावर करून घ्या.